रुजू : खानदेशच्या भिल्ल पलटणीत नवा माणूस कसा सामावला



मेहरूणला व्याख्यान ठरलं तेव्हा विषय कोणता घ्यायचा, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. इथून तलाव जवळ, तशी एमआयडीसीही जवळ. समोर बसलेल्यांपैकी कुणी चटईच्या कारखान्यात असेल, कुणी पाइपच्या, कुणी डाळ मिलमध्ये. कुणाच्या घरातला मुलगा किंवा मुलगी नुकतीच नोकरीला लागली असेल. म्हणून आम्ही असं ठरवलं, की आज लढाया आणि सनावळ्या थोड्या बाजूला ठेवू आणि एक साधा प्रश्न इतिहासाला विचारू. कामावर नवा माणूस येतो, तेव्हा त्याला आपलंसं कसं करायचं? तो टिकतो कशामुळे आणि निघून जातो कशामुळे?

आपल्याकडे नोकरीवर हजर होण्याला 'रुजू होणे' म्हणतात. हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने दरबारी मराठीत आला. शेतातलं 'रुजणं' वेगळं, त्याचं मूळ वेगळं. पण आपल्या कानाला दोन्ही शब्द शेजारी ऐकू येतात, आणि ते बरंच आहे. कागदावर माणूस एका दिवसात रुजू होतो, सही केली की झालं. रुजायला मात्र वेळ लागतो. त्या दोन्हींच्या मधल्या काळात काय घडतं, ते आज बघायचं आहे.

सुरुवातीला एक घरचीच गोष्ट सांगतो. आम्ही पहिल्यांदा नोकरीला लागलो तेव्हा नेमणुकीचा कागद घेऊन एका कार्यालयात गेलो. सकाळी साडेदहाला पोचलो. दुपारपर्यंत उभे. खुर्ची नाही, टेबल नाही, कुणी नावही विचारलं नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी डबे उघडले आणि आम्ही बाहेर जाऊन चहा पिऊन आलो. दुसऱ्या दिवशी एका शिपायाने हाक मारली, "या साहेब, इथं बसा, अर्धी भाकरी घ्या." त्या कार्यालयातल्या साहेबांची नावं आज आठवत नाहीत. त्या शिपायाचा चेहरा मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे कामी येईल.

आता दोनशे वर्षं मागे जाऊ. साल १८२५. ठिकाण आपल्यापासून फार लांब नाही, इथलंच धरणगाव.

१८१८ साली पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. कसा आला? उजाड होऊन आला. त्याआधीची पंधरा-वीस वर्षं होळकर-शिंद्यांच्या लढाया, पेंढाऱ्यांच्या धाडी, १८०३-०४ चा दुष्काळ, यात गावंच्या गावं ओस पडली होती. या सगळ्यात भिल्ल समाजाची फार वाताहत झाली. एक गोष्ट आपण नेहमी विसरतो, बरं का. गावाची राखण करणारा जागल्या अनेक ठिकाणी भिल्लच असायचा. वाटेची, घाटाची रखवालीही त्यांच्याकडे असे आणि त्याबद्दल ठरलेला हक्क मिळे. गावच उठलं तर जागल्याला हक्क कोण देणार? रखवालदाराची भाकरी गेली आणि तो डोंगरात गेला. मग कागदोपत्री त्याचं नाव 'लुटारू' पडलं.

त्याच्या मनात आणखी एक जखम होती. १८०४ च्या सुमाराला खानदेशचे सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण यांनी कोपरगावला भिल्लांना बोलणी करायला म्हणून बोलावलं. माणसं विश्वासाने आली. त्यांना दगा देऊन पकडलं आणि बहुतेकांना विहिरींत टाकून मारलं. ही हकिगत इंग्रजी गॅझेटियरात नोंदलेली आहे. आता विचार करा, ज्या समाजाने हे पाहिलं, त्याला वीस वर्षांनी कुणी सरकारी माणूस येऊन म्हणाला, "या, आमच्याकडे नोकरी करा," तर तो काय समजेल? बोलावणं म्हणजे सापळा, असंच समजेल ना?

म्हणूनच सुरुवातीची वर्षं इंग्रजांना काही साधलं नाही. फौजा पाठवल्या, डोंगराच्या वाटा अडवल्या, नाईकांना पकडलं. भिल्लांना सरकारी नोकरीत घ्यायचे प्रयत्नही झाले आणि फसले. शेवटी मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२५ साली नवी आखणी केली. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. दक्षिणेला, कन्नडच्या डोंगराकडे, शेतीवर भर होता. तिथे भिल्लांना जमीन, बी-बियाणं आणि बैलांसाठी तगाई देऊन वसवायचं ठरलं. आणि भिल्लांचीच एक पलटण उभी करायची, हे काम जेम्स औट्रम नावाच्या लेफ्टनंटकडे दिलं. त्याचं वय होतं बावीस. आजच्या भाषेत सांगायचं तर कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला पोरगा.

आता औट्रमला कुणी संत समजू नये. त्याने सुरुवात हल्ल्यानेच केली. भिल्लांच्या तळावर चालून गेला, माणसं मारली गेली, काही हाती लागली. हाती लागलेल्यांतल्या काहींना सोडून त्याने त्यांच्यामार्फत डोंगरात निरोप धाडले. पण तिथून पुढे त्याने जे केलं ते वेगळं होतं. तो पहारा न घेता एकटा त्यांच्या रानात गेला. त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर दारू प्यायला, बंदोबस्ताशिवाय झोपला. पुढे त्यांच्यासोबत वाघाच्या शिकारी केल्या. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, की या सगळ्या खटाटोपातून पहिल्यांदा जेमतेम पाच धाडसी माणसं त्याच्याबरोबर यायला तयार झाली.

पाच! एवढ्या मोठ्या प्रदेशातून फक्त पाच. पण तो आकडा त्याला कमी वाटला नाही. हे पाच टिकले तर बाकीचे येतील, असा त्याचा हिशेब होता. आणि तो बरोबर निघाला. काही महिन्यांत संख्या शंभराच्या घरात गेली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत पलटण शेकड्यांवर पोचली. ठाणं होतं धरणगावला.

इथे क्षणभर थांबू. सरकारने जाहीरनामे काढले होतेच, पगाराचं आमिषही होतं. मग आधी का जमलं नाही? आमच्या मते कारण असं, की आधी सरकार म्हणत होतं, "तुम्ही आधी आमच्यावर विश्वास ठेवा." औट्रमने क्रम उलटा केला. आधी आपला जीव त्यांच्या हातात दिला. कोपरगावच्या विहिरी ज्यांच्या स्मरणात होत्या, त्यांना शब्दांचा उपयोग नव्हता. समोरचा माणूस आपल्यात पहाऱ्याशिवाय झोपतो, एवढंच त्यांना कळणार होतं.

पण या गोष्टीतला आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रसंग औट्रमच्या धाडसाचा नाहीच. तो पुढे मालेगावला घडला.

काही महिन्यांतच औट्रम आपले नवे रंगरूट घेऊन मालेगावच्या छावणीत गेला. तिथे त्याची मूळ पलटण होती, मुंबई फौजेची तेविसावी. आता त्या छावणीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. कवायतीत मुरलेले, लढाया पाहिलेले शिपाई. मुंबईच्या फौजेत त्या काळी कोकणातले मराठे असत, महार असत, उत्तरेकडचे परदेशी असत. त्यात वरच्या जातींचा अभिमान बाळगणारे होतेच. आणि त्यांच्यासमोर हे नवे आलेले. अंगावर पुरता पोशाख नाही, कवायत धड येत नाही, आणि कालपर्यंत याच शिपायांना त्यांच्यावर चालून जायला पाठवत होते. काय होईल? टिंगल होईल, नाक मुरडलं जाईल, "हे कोण आणले?" म्हणतील. कुठल्याही कारखान्यात, कुठल्याही कार्यालयात नव्या माणसाचं पहिल्या दिवशी जे होतं, तेच तिथे शंभरपट होण्याची शक्यता होती.

झालं उलटं. औट्रमने लिहिलंय, की जुन्या शिपायांनी या नव्यांची हेटाळणी केली नाही. त्यांना मित्रासारखं घेतलं, आपल्यात बसवलं, खाऊ घातलं, आणि लहानथोर सगळे त्यांच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलले, का, तर हेही आता आपल्यासारखेच शिपाई म्हणून.

आता नीट लक्ष द्या. १८२५ चा काळ. कुणाच्या हातचं कुणी खायचं आणि कुणाला जवळ बसवायचं, हे जातीवर ठरण्याचा काळ. त्यात जुन्या शिपायांनी रानातून आलेल्या माणसाला शेजारी बसवून खायला दिलं. खानदेशात आजही दारात कुणी आलं की आधी "या, बठा" म्हणतात. काम नंतर विचारतात. आमच्या मते भिल्ल पलटण त्या दिवशी उभी राहिली. धरणगावात नावनोंदणी झाली होती, तो कागद. मालेगावात ती माणसं पलटणीची झाली.

आणि त्याचा परिणाम काय झाला, तोही औट्रमनेच नोंदवलाय. हे रंगरूट परतले ते आनंदात, छाती फुगवून. आणि त्यांनी त्याच्यामागे लकडा लावला, की आम्ही या आमच्या भावांच्या तोडीचे होईपर्यंत आम्हाला कवायतीतून सुट्टी देऊ नका. म्हणजे बघा, ट्रेनिंगसाठी ज्यांच्यामागे लागावं लागेल असं वाटत होतं, तेच ट्रेनिंग मागायला लागले!

आपण सगळीकडे क्रम कसा लावतो? आधी नियम, मग काम शिकवणं, मग परीक्षा, आणि त्यात पास झाला तर मग तो 'आपला'. मालेगावने क्रम उलटा दाखवला. आधी आपला म्हटलं, मग त्याने स्वतःहून शिकायला घेतलं. जिथे आपण कुणीच नाही, तिथलं काम मन लावून शिकण्याची हौस कुणाला असते?

आणखी एक गोष्ट. हे स्वागत साहेबाने केलं नव्हतं, ते जुन्या हातांनी केलं होतं. साहेबाने फार तर वातावरण तयार केलं असेल. पण जेवायला शेजारी बसवणं हे काही हुकमाने होत नाही. आमच्या कार्यालयातल्या त्या शिपायाची अर्धी भाकरी आठवा.

आता या चित्राची दुसरी बाजू. ही गिरण्यांच्या काळातली आहे.

पुढे मुंबईत कापडाच्या गिरण्या आल्या, तशा आपल्याकडेही जळगाव, अमळनेर, धुळ्यात आल्या. तिथे नवा माणूस आत कसा यायचा? मुंबईच्या गिरण्यांत ते मुकादमाच्या हातात होतं. मुकादमच घेणार, तोच काम शिकवणार, रजा तोच देणार आणि काढणारही तोच. त्याबद्दल दस्तुरी द्यावी लागे, म्हणजे सरळ सांगायचं तर लाच. बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राहायचा, मुकादमाची नजर पडली तर काम, नाहीतर घरी परत. नव्या माणसाचं स्वागत इथेही जुना माणूसच करत होता, पण हात पुढे करून, पैसे घेण्यासाठी. १९३१ साली कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनचा अहवाल आला, त्याला व्हिटली कमिशन म्हणतात. त्याने स्पष्ट सांगितलं, की नोकरीवर घेण्याचे आणि काढण्याचे अधिकार मुकादमाकडून काढा आणि त्यासाठी लेबर ऑफिसर नेमा. आज कारखान्यात एचआरचं जे खातं असतं, त्याची आपल्याकडची एक मुळी या शिफारशीत आहे. हे खातं आलं ते नव्या माणसाला दारातल्या लुटीपासून वाचवायला, हे त्या खात्यात बसणाऱ्यांनीही कधी कधी आठवावं.

म्हणजे जुन्या माणसाच्या हातात दोन्ही आहे. तो भाकरी देऊ शकतो, दस्तुरीही मागू शकतो.

आता सगळ्यात अवघड भागाकडे येऊ. इथपर्यंतची गोष्ट ऐकून कुणी म्हणेल, वा, छान गोष्ट आहे, सगळं गोड झालं. तसं नाही. ही सगळी हकिगत आपल्यापर्यंत साहेबाच्या लेखणीतून आली आहे. भिल्लांना त्या दिवशी काय वाटलं, ते भिल्लांच्या शब्दांत लिहिलेलं नाही. आणि एक प्रश्न विचारलाच पाहिजे : स्वागत झालं खरं, पण कशासाठी? ही पलटण उभी केली ती डोंगरातल्या इतर भिल्लांवर वचक बसवायला. आपल्याच माणसांवर पहारा ठेवण्याच्या नोकरीत त्यांना इतक्या प्रेमाने घेतलं गेलं. स्वागत मनापासूनचं असू शकतं आणि ज्या कामासाठी स्वागत झालं ते काम तरीही दुखरं असू शकतं. इतिहासात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, आपण त्यातली एकच निवडू नये.

याचं पुढचं पान म्हणजे खाज्या नाईक. कागदपत्रांत कजरसिंग नाईक असंही नाव येतं. मुंबई-आग्रा रस्ता सातपुडा ओलांडतो तो सेंधव्याचा घाट. त्या वाटेच्या रखवालीवर ते इंग्रजांच्या नोकरीत होते. म्हणजे जुन्या रखवालदारीचा हक्क नव्या सरकारने नोकरी म्हणून परत दिला होता. पुढे एका गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली, नोकरी गेली, तुरुंग भोगला. १८५७ ची गडबड सुरू झाली तेव्हा सरकारला पुन्हा त्यांची गरज लागली आणि त्यांना परत घेतलं. पण गरजेपुरतं परत बोलावलेला माणूस आणि आपला म्हणून बसवलेला माणूस यात फरक असतो. खाज्या नाईक इंग्रजांच्या विरोधात उठले. भिल्लांची मोठी फौज त्यांच्याभोवती जमली. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीला घनघोर लढाई झाली. त्यानंतरही ते काही काळ डोंगरात लढत राहिले आणि शेवटी दग्याने मारले गेले. कोपरगावला दगा, आणि शेवटही दग्यानेच. आज सातपुड्यात त्यांचं नाव आदराने घेतात.

आम्ही ही गोष्ट मुद्दाम सांगितली. कारण नव्या माणसाच्या स्वागताविषयी बोलताना आपण फक्त पहिल्या दिवसाविषयी बोलतो. हार, पेढे, ओळखपत्र, गटाचा फोटो. पण स्वागत हा एक शब्द असतो, दिलेला शब्द. तो पहिल्या दिवशी दिला जातो आणि पुढे रोज पाळावा लागतो. चूक झाली तेव्हा कसं वागवलं, काढताना कसं काढलं, परत बोलावलं ते कोणत्या तोंडाने, इथे त्या शब्दाची परीक्षा होते. आणि नवी माणसं हे सगळं बघत असतात. खाज्या नाईकांच्या बाबतीत काय झालं, ते सगळ्या सातपुड्याने पाहिलं.

बोलणं आवरतं घेतो. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

(श्रोत्यांतून प्रश्न : आमच्याकडे बहुतेक पोरं कंत्राटदारामार्फत येतात. तीन-चार महिन्यांत बदलतात. नावं पाठ होईपर्यंत निघून जातात. त्यांच्यासाठी एवढं कशाला करायचं?)

प्रश्न अगदी बरोबर विचारलात दादा. आणि खरं सांगायचं तर कंत्राटदार आणि जुना मुकादम यांच्यात आम्हाला फार अंतर दिसत नाही. तुमच्या हातात कंत्राट बदलणं नाही, हे कबूल. पगार वाढवणंही नाही. पण मालेगावच्या त्या शिपायांच्या हातात तरी काय होतं? पलटण काढावी की नाही, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. कुणाला भरती करायचं, हेही नाही. त्यांच्या हातात एवढंच होतं, की समोर उभ्या असलेल्या माणसाला बसायला सांगायचं की उभं ठेवायचं. तो मुलगा तीन महिन्यांनी जाईल, मान्य. पण मशीनवर हात कुठे घालायचा नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं. आणि जो त्याला नावाने हाक मारतो, त्यालाच तो "मला हे कळलं नाही" असं म्हणेल. जो त्याला "ए कंत्राटी" म्हणतो, त्याच्यासमोर तो कळलं असं दाखवून मान हलवेल. बोटं जातात ती तिथे. तेव्हा हा नुसता मायेचा प्रश्न नाही दादा, बोटांचाही आहे.

आणि तीन महिन्यांत पोरं का जातात, तेही एकदा त्यांना विचारून बघा. जाताना नाही, पहिल्या आठवड्यातच विचारा, डबा खाताना.

एवढं बोलून थांबतो.